पत्र लिहून देणे आणि लिहायला शिकवणे

(आदिवासी भागात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे ‘युद्धकाळातील शिक्षणसेवा’. पत्रिका हातात पडल्यावर दोघा-तिघांनी मला विचारले, “दादा, आपल्या सातपुड्यात कुठले युद्ध आणि कुठले सैनिक?” प्रश्न बरोबर आहे. म्हणून हा विषय मी का घेतला ते आधीच सांगून टाकतो. आपल्या कार्यकारिणीपुढे लवकरच एक ठराव यायचा आहे. प्रौढांचे रात्रवर्ग चालू ठेवायचे, की तो पैसा मुलांच्या वसतिगृहांकडे वळवायचा? देणगीदारांना लहान मुलाचा फोटो पाठवता येतो, त्याची प्रगती कळवता येते. चाळिशीच्या ऊसतोड कामगाराचा फोटो पाहून कोण पैसे पाठवणार? हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी युद्धाच्या छावण्यांमध्ये काम करणाऱ्या सेवाभावी संस्थांपुढेही होता. मोठ्या माणसाला, तेही मजुराला, शिकवून काय उपयोग? त्यांनी काय केले आणि त्यातून काय उभे राहिले, हे आज पाहू.

पहिल्या महायुद्धात युरोपातील तरुण माणसे खंदकांत गेली आणि मागे कामाला हात उरले नाहीत. तेव्हा इंग्रज आणि फ्रेंच सरकारांनी चीनमधून सुमारे १,४०,००० मजूर आणले. बहुतेक शेतकरी घरांतले, अनेक जण शानडाँग प्रांतातले. रस्ते करणे, खंदक खणणे, जहाजे रिकामी करणे, दारूगोळा वाहणे आणि लढाई संपल्यावर प्रेते पुरणे, अशी त्यांची कामे. लिहिता-वाचता येणारे त्यांच्यात फार थोडे. या छावण्यांमध्ये वाय.एम.सी.ए. ही ख्रिस्ती तरुणांची संस्था काम करत होती. लाकडी खोपट उभारायचे, तिथे चहा, खेळ, दिवा आणि बसायला बाक. आणि आलेल्याला घरी पत्र लिहून द्यायचे.

१९१८ साली अमेरिकेच्या येल विद्यापीठातून नुकताच पदवीधर झालेला एक चिनी ख्रिस्ती तरुण फ्रान्समधील बुलोनच्या छावणीत या कामावर आला. नाव यान यांगचू. पुढे जग त्याला जेम्स येन म्हणून ओळखू लागले. छावणीत पाच हजार मजूर. संध्याकाळ झाली की येनसमोर रांग लागायची. घरी पैसे पोचले का, म्हातारी कशी आहे, मी सुखरूप आहे, असाच मजकूर पुन्हा पुन्हा. एकाचे झाले की दुसऱ्याचे. रांग काही संपेना.

मग एके दिवशी येनने मजुरांना जमवून सांगितले की आता मी पत्रे लिहून देणार नाही, तुम्हाला लिहायला शिकवणार. लोक हसले. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी पुढे या म्हटल्यावर पाच हजारांतून चाळीस जण पुढे आले. दिवसभर मजुरी करून रात्री दिव्याखाली बसायचे. चिनी लिपीत चिन्हे हजारोंनी आहेत, पण रोजच्या व्यवहाराला लागणारी हजारभर चिन्हे निवडली तर पत्र लिहिता येते आणि साधे वर्तमानपत्र वाचता येते, हे येनच्या लक्षात आले. पंडिती भाषा बाजूला ठेवून त्याने बोलीभाषेत धडे तयार केले. काही महिन्यांत पहिल्या वर्गातले बहुतेक जण आपले पत्र आपण लिहू लागले. ते पाहून बाकीचे आले. येन एकटा किती जणांना शिकवणार? तेव्हा जो शिकला तो पुढच्याला शिकवू लागला. पाहता पाहता ही पद्धत फ्रान्समधील इतर चिनी छावण्यांत गेली.

१९१९ च्या जानेवारीत येनने या नवशिक्या वाचकांसाठी एक साप्ताहिक सुरू केले. किंमत अगदी नाममात्र. एके दिवशी एका मजुराचे पत्र आले. येन ही गोष्ट पुढे आयुष्यभर सांगत असत. मजुराने लिहिले होते, की तुमच्या पत्रामुळे मला जगात काय चालले आहे ते कळू लागले, पण इतक्या स्वस्तात विकलेत तर ते बंद पडेल. म्हणून फ्रान्समध्ये राहून शिल्लक टाकलेले ३६५ फ्रँक सोबत पाठवत आहे. बंधू-भगिनींनो, दारूगोळा वाहून मिळवलेली सारी पुंजी त्या माणसाने कशासाठी दिली, याचा विचार करा. छावणीत त्याला चहाही मिळाला असेल आणि फुकट बिस्किटेही. त्यांच्यासाठी त्याने पैसे पाठवले नाहीत.

येनने आणखी एक गोष्ट सांगितली आहे. ‘कुली’ हा शब्द चिनी भाषेत दोन चिन्हांनी लिहितात. ‘कू’ म्हणजे कडवटपणा, कष्ट, आणि ‘ली’ म्हणजे बळ. शिकलेल्या लोकांना कुली फक्त हमाल म्हणून माहीत होता. त्याचे कष्ट किती आणि त्याच्या अंगी बळ किती, हे आपल्याला फ्रान्समध्ये समजले, असे येन म्हणत. १९२० साली ते मायदेशी परतले आणि गावोगावच्या अडाणी माणसांना शिकवणे हेच त्यांनी आयुष्याचे काम ठरवले. डिंगश्यान या तालुक्यात त्यांनी साक्षरता, शेतीची कमाई, आरोग्य आणि गावाचा स्वतःचा कारभार, ही चार कामे एकत्र उभी केली. गावातल्याच माणसाला थोडे शिक्षण देऊन आरोग्यसेवक करण्याचा प्रयोग तिथे झाला. १९३७ साली जपानच्या आक्रमणाने ते काम थांबले, पण येनने फिलिपिन्समध्ये पुन्हा सुरुवात केली. या साऱ्याचे मूळ एका छावणीतल्या पत्रांच्या रांगेत आहे.

त्याच वर्षांत, त्याच फ्रान्समध्ये आपली माणसेही होती. १९१७ साली हिंदुस्थान सरकारने मजूर पलटणी पाठवल्या. त्यांत छोटा नागपूरचे उरांव, मुंडा, संथाळ होते. ईशान्येच्या डोंगरांतले नागा, लुशाई म्हणजे आजचे मिझो, खासी, गारो होते. करार साधारण वर्षाचा. डोंगरी लोकांना सांगितले गेले, की जाऊन आलात तर जन्मभर घरपट्टी माफ, बेगार माफ. आपल्या भागात वेठबिगार कशी होती हे म्हाताऱ्या माणसांकडून आपण ऐकले आहे. बेगार माफ होणार म्हटल्यावर माणसे एवढा समुद्र का ओलांडतात हे मी समजावून सांगायला नको.

या पलटणींबरोबर मिशनरीही गेले. त्यांना त्यांची भाषा येत होती, म्हणून दुभाषे आणि देखरेख करणारे म्हणून सरकारला ते हवे होते. मणिपूरच्या पलटणीबरोबर विल्यम पेटिग्रू गेले होते. परदेशात, थंडीत आणि आजारात आपल्या भाषेत बोलणारा एक माणूस जवळ असणे ही मोठी गोष्ट होती, हे मान्य केले पाहिजे. पण दुसरी बाजूही आपण मिशनच्या लोकांनी झाकू नये. भरतीला काही मिशनऱ्यांनी हातभार लावला होता. मणिपूरच्या डोंगरांतील कुकी लोकांनी माणसे द्यायला नकार दिला, त्यातून उठाव झाला, तो १९१७ ते १९१९ असा चालला आणि सरकारी फौजांनी त्यांची गावे जाळली. सेवा करणारा जेव्हा सत्तेच्या गाडीत बसतो तेव्हा गाडी कुठे चालली आहे हे त्याने विचारायला हवे. आपणही आज सरकारी योजना राबवायला मदत करतो, म्हणून हे सांगतो.

परत आलेल्यांचे काय झाले? नागा टेकड्यांत १९१८ साली नागा क्लब सुरू झाला. त्यात फ्रान्सहून परतलेली माणसे होती, सरकारी नोकरीतले नागा होते, गावबुढे होते. याच क्लबने १९२९ साली सायमन कमिशनला आपल्या लोकांचे निवेदन दिले. त्यातल्या राजकारणात मी जात नाही. मला एवढेच दिसते, की ज्यांच्या वतीने आजवर दुसरेच अर्ज लिहीत होते, ते आता आपला अर्ज आपण देऊ लागले.

हिंदी शिपायांमध्येही वाय.एम.सी.ए.चे काम होते, फ्रान्समध्ये आणि मेसोपोटेमियामध्ये. मेसोपोटेमियात आपल्या मराठा पलटणी होत्या. कुतच्या वेढ्यात उपाशी राहून पुढे कैदेत गेलेल्यांत आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतले जवान होते. १९१६ साली के. टी. पॉल हे भारतातील वाय.एम.सी.ए.चे पहिले भारतीय सरचिटणीस झाले. या कामाला सरकारने परवानगी दिली ती एका अटीवर. शिपायांमध्ये धर्मप्रचार करायचा नाही. पत्रे लिहून द्या, खेळ घ्या, वाचन शिकवा, पण कोणाच्या श्रद्धेला हात लावायचा नाही. सरकारचा हेतू पलटणीत गडबड नको एवढाच असेल. तरी कार्यकर्त्यांनी ती अट मान्य करून काम केले. हिंदू, मुसलमान, शीख शिपाई त्या खोपटात निर्धास्त येऊन बसू शकला तो यामुळे. शिपायांची पत्रे तपासणीसाठी उघडली जात, त्यांतली काही आज छापलेली आहेत. फ्रान्समधल्या शिकलेल्या बायका पाहून काही शिपायांनी घरी लिहिले होते, की आपल्या मुलींनाही शाळेत घाला. त्यांना हे कोणी उपदेश करून सांगितले नव्हते. त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

आता युद्ध संपल्यानंतरचे. नोव्हेंबर १९१८ मध्ये तोफा थांबल्या, पण लाखो माणसांना घरी न्यायला जहाजे नव्हती. माणसे महिनोन्‌महिने छावणीत बसून. हाताला काम नाही, घराची ओढ, उद्या पोट कसे भरायचे याची काळजी. १९१९ च्या मार्चमध्ये वेल्समधील किनमेल पार्क छावणीत वाट पाहून कंटाळलेल्या कॅनडाच्या सैनिकांची दंगल झाली आणि त्यात माणसे मेली. कॅनडाच्या वाय.एम.सी.ए.ने आणि लष्करातील पाळकांनी हा धोका आधीच ओळखला होता. १९१७ पासून त्यांनी इंग्लंडमधील छावण्यांत वर्ग सुरू केले होते. अल्बर्टा विद्यापीठाचे प्रमुख हेन्री मार्शल टोरी यांना बोलावून त्यांच्याकडून योजना करून घेतली. तिचे नाव पडले ‘खाकी युनिव्हर्सिटी’. कोणी शेतीशास्त्र शिकले, कोणी हिशेब, कोणी यंत्रदुरुस्ती, कोणी नुसती अक्षरे. यॉर्कशरमधील रिपन येथे कॉलेजचे वर्ग भरले. सुमारे ५०,००० सैनिकांनी या ना त्या वर्गाचा लाभ घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५-४६ मध्ये ही खाकी युनिव्हर्सिटी पुन्हा उघडावी लागली, यातच तिची किंमत आली.

इंग्लंडमध्येही वाय.एम.सी.ए.ने विद्यापीठांना बरोबर घेऊन सैनिकांच्या शिक्षणासाठी समिती केली होती. तिचे काम बघणारे बेसिल यीक्सली यांनी पुढे १९२९ साली ‘आयुष्यभराचे शिक्षण’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले. आज आपण सरकारी कागदांत ‘निरंतर शिक्षण’ वाचतो. तो विचार छावण्यांतल्या बाकांवर बसलेल्या मोठ्या माणसांना शिकवता शिकवता पक्का झालेला आहे.

जखमी होऊन परतलेल्यांसाठी आपल्याकडेही काम झाले. मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनी १९१७ साली मुंबईत अपंग हिंदी सैनिकांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू केले. पुढे ते पुण्याजवळ खडकीला गेले. एखादा पाय किंवा हात गमावलेल्या जवानाला तिथे धंदेशिक्षण मिळते, आजही मिळते. पेन्शन तर सरकार देत होतेच. पण गावी परतलेल्या माणसाला ओसरीवर बसून राहायचे नसते.

दुसरे उदाहरण डेहराडूनचे. न्यूझीलंडचे क्लुथा मॅकेंझी यांचे डोळे १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत गेले. लंडनमध्ये आर्थर पिअर्सन यांनी दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी काढलेल्या सेंट डन्स्टन्स या संस्थेत ते ब्रेल आणि स्वावलंबन शिकले. दुसऱ्या महायुद्धात ते भारतात आले आणि १९४३ साली डेहराडूनला युद्धात अंध झालेल्या हिंदी जवानांसाठी वसतिगृह उभे राहिले. १९५० मध्ये भारत सरकारने ते केंद्र हाती घेऊन सर्व अंध प्रौढांसाठी खुले केले. आज तिथे अंधांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल लिपी असावी या कामातही मॅकेंझी यांचा मोठा वाटा होता. म्हणजे आज महाराष्ट्रातले अंध मूल मराठी ब्रेल वाचते, त्यामागेही आंधळ्या झालेल्या शिपायाला शिकवण्याची धडपड आहे.

आता आपल्याकडे येऊ. आपण काय करतो? आपण फॉर्म भरतो. जातीचा दाखला, वनहक्काचा दावा, रेशनकार्ड, बँकेचे खाते, घरकुलाचा अर्ज. आपल्या केंद्राच्या ओट्यावर सकाळी जी रांग लागते ती बुलोनच्या रांगेसारखीच आहे. फॉर्म भरून देणे हे पुण्याचे काम आहे, ते बंद करा असे मी म्हणत नाही. पण वीस वर्षांपूर्वी ज्या घरचा अर्ज आपण भरला, त्याच घरचा अर्ज आज पुन्हा आपणच भरत असू, तर ओट्याच्या शेजारी एक फळा टांगायला हवा.

त्याचे कारण एका माणसावरून सांगतो. आमच्या रात्रवर्गात एक पावरा तरुण होता. दिवाळीनंतर बायकोला घेऊन तो गुजरातेत ऊसतोडीला जायचा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, तोडलेल्या उसाचा हिशेब मुकादमाच्या वहीत. वर्षानुवर्षे उचल फिटतच नव्हती. वर्गात तो अक्षरांपेक्षा आधी आकडे शिकला, कारण त्याला तेच हवे होते. पुढच्या हंगामात त्याने वही बघायला मागितली आणि एका आकड्यावर बोट ठेवून विचारले, “हे पैसे मी कधी घेतले?” मुकादमाला उत्तर देता आले नाही. तो आकडा खोडला गेला. रक्कम फार मोठी नव्हती. पण त्या टोळीतले आणखी तिघे पावसाळ्यात वर्गाला आले आणि त्याची बायकोही आली.

म्हणून कार्यकारिणीपुढे आणि आपणा सर्वांपुढे मी चार गोष्टी ठेवतो.

पहिली, वर्गाचे वेळापत्रक लोकांच्या स्थलांतराप्रमाणे ठरवावे. खाकी युनिव्हर्सिटी चालली कारण ती जहाजाची वाट पाहण्याच्या महिन्यांत चालली. आपली माणसे पावसाळ्यात गावी असतात. जूनमध्ये वर्ग उघडावेत आणि दिवाळीला बंद करावेत. हजेरी कमी म्हणून हिवाळ्यात रडत बसू नये.

दुसरी, सुरुवात त्यांच्या बोलीतून करावी. पावरी, मावची, भिली जिला जी जवळची. त्यांना लागतील तेवढेच शब्द आणि आकडे आधी घ्यावेत. पुढे मराठी आपोआप जवळ येते.

तिसरी, जो शिकला त्याने एकाला तरी शिकवावे. शिक्षकाच्या मानधनाचा प्रश्न याने निम्मा सुटतो, आणि शेजाऱ्याकडून शिकायला मोठ्या माणसाला लाज कमी वाटते.

चौथी, वर्गाला कसलीही अट नको. उपासनेला येणारा, न येणारा, वाघदेव पूजणारा, सर्वांना तोच बाक आणि तोच दिवा. आपल्या भागात आपल्या कामाकडे संशयाने पाहिले जाते हे आपल्याला ठाऊक आहे. त्याला उत्तर भांडून देता येत नाही. वर्गाचे दार उघडे ठेवावे आणि ज्याला बघायचे त्याने येऊन बघावे.

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातला फिलिप्प आपल्याला माहीत आहे. कूशी राणीचा खजिनदार रथात बसून वाचत होता आणि त्याला अर्थ लागत नव्हता. फिलिप्प धावत गेला, त्याला विचारले, त्याच्या शेजारी बसला आणि जिथे अडले होते तिथूनच सुरुवात केली. काम झाल्यावर फिलिप्प दिसेनासा झाला आणि तो माणूस आनंदाने आपल्या वाटेने गेला. शेजारी बसणे आपल्याला जमते. दिसेनासे होणे जमत नाही. लोकांना आपली गरज लागत राहावी असे आपल्याला नकळत वाटते, कारण त्यावर आपला अहवाल आणि आपली देणगी उभी असते.

देणगीदार मित्रांना माझी विनंती आहे, की वसतिगृहातल्या मुलासाठी देता तसेच त्याच्या बापासाठीही द्या. एका वर्गाला दिवा, फळा, खडू, वह्या आणि एका शिक्षकाचे मानधन लागते. बाप वाचू लागला की मुलाची शाळा हंगामात अर्ध्यावर सुटण्याची शक्यता कमी होते, हे वसतिगृहाच्या ताई तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले सांगतील. आणि कार्यकारिणीला विनंती अशी, की ठराव मताला टाकण्यापूर्वी प्रत्येक सदस्याने एक संध्याकाळ कुठल्याही एका वर्गात जाऊन बसावे. पाऊस चालू आहे, माणसे गावात आहेत, वर्ग साडेसातला भरतो.

 प्रभू आपल्या हातांच्या कामाला यश देवो.